बंदूक पसंत करताना

शस्त्रांची पूजा करण्यात आपला हात कोणी धरणार नाही. खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर जी मंडळी मांडली जातात, त्यांत विळी असते, कोयता असतो, माझे फाउंटन पेन असते, सौभाग्यवतींची कात्री असते. आणि अलीकडे अंगणात हार घालून मोटारसायकलही पुजली जाते. पुढे वीसएक दिवसांनी दिवाळी आली, की घरोघर टिकल्यांची पिस्तुले बाहेर पडतात आणि पाच वर्षांचा एखादा शूर वीर आजोबांना भिंतीशी उभे करून त्यांच्या पोटावर नेम धरतो. आजोबाही मोठ्या आनंदाने मरून पडतात. शस्त्राशी आपले नाते असे हळदीकुंकवाचे आणि टिकल्यांचे आहे. ज्यातून खरोखरीची गोळी सुटते असे शस्त्र घरात आणायचे म्हटले, म्हणजे मात्र आपण गडबडून जातो. ते ठेवायचे कुठे, चालवायचे कुणी आणि मुख्य म्हणजे कुणावर, या तीन प्रश्नांची उत्तरे पूजेच्या पोथीत नसतात.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक शाळामास्तर आहे आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझ्या कादंबऱ्यांतून बंदुका पुष्कळ उडतात. कादंबरीतल्या पिस्तुलाला परवाना लागत नाही, त्याची काडतुसे संपत नाहीत, आणि नायकाचा नेम लागावा की चुकावा हे सर्वस्वी माझ्या मर्जीवर असते. एवढ्याशा पुण्याईवर नातलगांत मला शस्त्रास्त्रांतला जाणकार म्हणून मान आहे! म्हणूनच पावसाळा संपता संपता मुंबईहून आतेभावाचा फोन आला, “मास्तर, आईसाठी एक बंदूक घ्यायची आहे. कोणती घ्यावी?”

जणू काही मिक्सर घ्यायचा होता!

पण थट्टेची गोष्ट नव्हती. माझी आत्या शहात्तर वर्षांची. राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत ती एकटी राहते. घर मोठे, चिऱ्याच्या भिंतींचे, कौलारू. पुढे ओटी, मागे पडवी, परसात विहीर, आणि विहिरीपलीकडे एक पऱ्या. पऱ्याच्या पलीकडे गुरे राखणाऱ्या एका कुटुंबाचे घर. बाकी सारी आंब्या-काजूची झाडे. पूर्वी त्या घरात पंगतीला वीस पाने मांडली जात. आता रात्री एकच ताट घासायला पडते. त्या पावसाळ्यात खालच्या वाडीतली दोन बंद घरे फुटली. तिसरे घर बंद नव्हते. त्यात आत्याच्याच वयाची एक बाई होती. चोरांनी तिचे हात तिच्याच लुगड्याने बांधले आणि पाटल्या काढून नेल्या. पाटल्या साबण लावून काढल्या, जबरदस्तीने ओढल्या नाहीत, हे ती बाई पुढे कौतुकाने सांगत असे. पण तिला त्या दिवसापासून झोप येईनाशी झाली. पोलीस ठाणे तिथून अठरा किलोमीटरवर. फोनवर ११२ हा क्रमांक फिरवला, तरी फोन पोचतो तितक्या लवकर जीप पोचत नाही. मध्ये घाटी आहे. तेव्हा आतेभावाची काळजी काही उगाच नव्हती. ज्याची आई रात्री एकटी असते, त्याला बंदूक हवीशी वाटली तर त्याला हसणारा माणूस एक तर फार शूर असला पाहिजे किंवा त्याची आई तरी त्याच्याजवळ असली पाहिजे.

शिवाय बंदूक त्या घराला नवी नव्हती. आतोबांच्या हयातीत ओटीवरच्या खुंटीला ठासणीची एक बंदूक असे. रानडुकरे आणि वानरे यांच्यापासून शेत राखण्यासाठी तिचा परवाना होता. ती भरण्याचा विधी मी लहानपणी डोळे मोठे करून पाहिला आहे. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, तिच्यावर चिंध्यांचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि सगळ्यांत शेवटी घोड्याखाली केप बसवायची. एवढे होईस्तोवर डुक्कर अर्धा वाफा खाऊन घरी गेलेले असे. पण आतोबा काही मारण्यासाठी बार काढीतच नसत. आवाज झाला, काम झाले. घरात त्यांनी ती भरलेली मी कधीच पाहिली नाही. निवडणुका आल्या की ठाण्यात जमा करण्याची नोटीस येई, आणि आतोबा बंदूक गोणपाटात गुंडाळून, सासरी निघालेल्या मुलीला पोचवावी तसे एस. टी. ने पोचवून येत. त्यांच्यामागे ती एकदा ठाण्यात गेली ती गेलीच. परत आणायला कुणी गेले नाही.

आतेभावाच्या प्रश्नामुळे मी पहिल्यांदाच कायदा काढून वाचला. वाचताना एक गंमत ध्यानात आली. आपल्याकडे बंदुकीला परवान्याचे दावे देशभर बांधले ते १८७८ च्या कायद्याने, लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत. त्याच लाटसाहेबांनी त्याच साली देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवरही एक कायदा लादला. म्हणजे मराठी माणसाच्या हातातली लेखणी आणि बंदूक या दोहोंची भीती सरकारला एकाच वर्षी वाटली! लेखणीवरचा कायदा पुढे थोड्याच वर्षांत लॉर्ड रिपन यांच्या अमदानीत गेला. बंदुकीचा राहिला, आणि स्वराज्यात १९५९ साली त्याच्या जागी नवा कायदा आला. लेखक म्हणून मला यात थोडासा अपमानही वाटला. आमच्या लेखणीला सरकार इतक्या लवकर घाबरेनासे झाले म्हणायचे!

हा १९५९ चा कायदा बंदूक निवडण्याचे निम्मे काम आपणच करून ठेवतो. स्वतःच्या रक्षणासाठी साध्या नागरिकाने काय घ्यावे, तर नळी आतून गुळगुळीत असलेली आणि वीस इंचांहून आखूड नसलेली बंदूक, अशी त्याची पहिली पसंती आहे, शेतराखणीला ठासणीची. रिव्हॉल्व्हर-पिस्तूल हवे असेल तर तसेच सबळ कारण दाखवावे लागते. नऊ मिलिमीटरसारखी काही मापे तर सामान्य माणसाला वर्ज्यच. परवाना देणारे अधिकारी म्हणजे जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी आणि मोठ्या शहरांत पोलीस आयुक्त. अर्जदार एकवीस वर्षांचा हवा. त्याच्या वर्तनाची चौकशी ठाण्यातून व्हायची. २०१६ च्या नियमांप्रमाणे त्याने शस्त्र हाताळण्याचे शिक्षण घ्यायचे, शरीर आणि मन ठीक असल्याचा डॉक्टरचा दाखला आणायचा, आणि शस्त्र नीट सांभाळून ठेवीन असे लिहून द्यायचे. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांनी नवा करावा लागतो. हे सगळे वाचून मला आमच्या लग्नाच्या वेळची आठवण झाली. सासऱ्यांनी इतकी चौकशी केली नव्हती.

पण या साऱ्यात एक अडचण अशी निघाली, की आतेभावाच्या ती डोक्यातच आली नव्हती. परवाना घराला मिळत नाही, माणसाला मिळतो. ज्याच्या नावावर परवाना, बंदूक त्याच्या ताब्यात हवी. मुलाने मुंबईत परवाना काढायचा आणि बंदूक आईच्या उशाशी ठेवून कामावर जायचे, ही सोय कायद्यात नाही. अर्ज करायचा तर तो आत्याने करायला हवा, शिक्षण तिने घ्यायला हवे, आणि चापावर बोटही तिचेच हवे.

“म्हणजे मी आता नेमबाजी शिकायची?” आत्या म्हणाली. “बरं आहे. गुडघे धरल्यापासून चुलीपुढे बसवत नाहीच. तेवढाच विरंगुळा.”

एकदा वस्तू डोळ्यांनी पाहावी म्हणून आतेभाऊ आणि मी जिल्ह्याच्या गावी एका परवानाधारक विक्रेत्याकडे गेलो. दुकान जुने, तेलाच्या आणि पितळेच्या वासाचे. दुकानदार सत्तरीचे. आम्ही शिरताच आतेभावाची नजर काचेखालच्या रिव्हॉल्व्हरवर गेली. दुकानदारांनी ते काढले नाही. त्यांनी चष्मा वर केला आणि वैद्याने नाडी पाहावी तसे प्रश्न सुरू केले.

“वापरणार कोण?”

“आई.”

“वय?”

“शहात्तर.”

“चष्मा लावतात? रात्री लावून झोपतात का?”

आतेभाऊ गप्प.

मग त्यांनी एकेक वस्तू समजावून सांगितली. असा शिक्षक मला शाळेत मिळाला असता तर मी मॅट्रिकपाशी थांबलो नसतो. पिस्तुलाचा वरचा भाग मागे खेचून सोडावा लागतो. त्याची स्प्रिंग इतकी कडक, की तरुणाचीही बोटे घसरतात. रिव्हॉल्व्हर त्या मानाने साधे, चाप ओढला की काम. पण तो चाप जड, आणि नळी आखूड. आखूड नळीचा अवगुण असा, की मनगट गव्हाएवढे हलले तर दहा पावलांवर गोळी वीतभर सरकते. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या त्या भयंकर प्रकारानंतर, २०१४ साली, कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास स्त्रियांना पेलावे म्हणून अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचे ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर काढले. तेव्हाच त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. “नाव फार चांगलं आहे,” दुकानदार म्हणाले, “पण ते विकत घेतलं म्हणजे निर्भीकपणा बरोबर मिळत नाही. तो सरावानं येतो, आणि सराव सतत चालू ठेवावा लागतो.”

मग निघाली ती बारा बोअरची दुनळी. बारा बोअर म्हणजे काय हे त्यांनी सांगितले, आणि माझ्यातला मास्तर खूश झाला. एक पौंड शिसे घ्यायचे, त्याचे बारा सारखे गोळे करायचे. त्यांतला एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल ती नळी बारा बोअरची. सोळा गोळे केले तर सोळा बोअर. म्हणजे आकडा मोठा, तर नळी लहान! व्यस्त प्रमाण शिकवायला याहून चांगले उदाहरण नाही. फक्त ते वर्गात आणता येत नाही. तिची काडतुसे खडकीला, १८६९ पासून चालत आलेल्या दारूगोळा कारखान्यात होतात हेही कळले. या बंदुकीचे छर्रे पसरतात, तेव्हा नेम नाही धरला तरी चालते, अशी आमची समजूत होती. दुकानदारांनी मान हलवली. छर्रे दर यार्डाला साधारण इंचभर पसरतात. माजघरात चोर पाच यार्डांवर उभा असला तर सारे छर्रे तळहाताएवढ्या जागेत जाणार. नेम धरावाच लागतो. शिवाय लांबी जवळजवळ चार फूट, वजन तीन किलोंच्या वर, आणि बार उडाला की खांद्याला जो धक्का बसतो तो वेगळाच. आत्याची उंची पावणेपाच फूट. दोघींना शेजारी उभे केले असते तर कुणी कुणाला पेलायचे हा प्रश्न पडला असता.

“घराच्या भिंती कशाच्या?” त्यांनी शेवटी विचारले.

“चिऱ्याच्या,” आतेभाऊ अभिमानाने म्हणाला. “फक्त माजघर आणि बाळंतिणीची खोली यांच्यामध्ये फळ्या आहेत.”

“फळीतून छर्रे पार जातात. फळीपलीकडे कोण झोपतं?”

मे महिन्यात फळीपलीकडे आतेभावाची दोन आणि त्याच्या बहिणीची दोन, अशी चार मुले झोपतात. हे उत्तर त्याने दिले नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर ते वाचता आले. दुकानदारांनी दुनळी पुसून जागेवर ठेवली. “परवाना झाला म्हणजे या. तोवर घर एकदा रात्री बघून घ्या. आमची गिऱ्हाइकं नळीचं अलीकडचं टोक बघून बंदूक निवडतात. पलीकडच्या टोकाला काय काय आहे, तेही मोजावं.”

घर रात्री बघून घ्यायचे, हे आतेभावाने फारच मनावर घेतले. त्याच आठवड्यात त्याने रंगीत तालीम ठरवली. बंदुकीच्या जागी आतोबांची जुनी लांब दांड्याची छत्री. काडतुसांच्या जागी बॅटरीतले दोन सेल. नियमाप्रमाणे सारे कुलपात हवे, म्हणून छत्री बाळंतिणीच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात आणि सेल देवघरातल्या पेटीत. मध्यरात्री आतेभावाने परसात पत्र्याचा डबा वाजवायचा, आत्याने उठायचे, छत्री भरून पडवीच्या दाराशी उभे राहायचे, आणि मी ओटीवर बसून घड्याळ लावायचे. दिवा लावायचा नाही.

पहिल्यांदा डबा वाजला तेव्हा आत्या अंथरुणातूनच “शुक्‌ शुक्‌, मेली मांजर!” म्हणाली आणि कुशीवर वळली. दुसऱ्यांदा ती उठली. चष्मा सापडायला वेळ गेला. मग कनवटीचा जुडगा निघाला. त्यात अकरा किल्ल्या. अंधारात कपाटाची कोणती ते बोटांनी ओळखायचे. मग देवघर. वाटेत छत्रीची मूठ झोपाळ्याच्या कडीत अडकली. सेल हातातून पडला आणि घरंगळत चुलीकडे गेला. आत्या दाराशी पोचली तेव्हा माझ्या घड्याळात चार मिनिटे दहा सेकंद झाली होती आणि तिला हसू आवरत नव्हते.

आतेभावाला मात्र हसू येत नव्हते. किल्ली कुलपातच ठेवली तर? मग कुलूप कशाला? बंदूक भरून गादीखाली ठेवली तर? मग मे महिन्यात नातवंडे आली म्हणजे काय करायचे? बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या पेट्या मिळतात, असे तो म्हणाला. त्यावर आत्याने आपला अंगठा पुढे केला. रेशनच्या दुकानातल्या यंत्राला तो अंगठा महिन्याच्या महिन्याला पटत नाही. साठ वर्षे भांडी घासून त्याच्यावरच्या रेषाच गेल्या आहेत. मला तेव्हा या सगळ्या निवडीतली खरी गाठ दिसली. घरातली बंदूक मुलांच्या हाती लागू नये इतकी दूर हवी, आणि चोर आला तर हाती यावी इतकी जवळ हवी. एकच वस्तू, एकाच वेळी. कोणत्याही कारखान्यात केलेली असली तरी ही गाठ सुटत नाही. जवान माणूस, रोजचा सराव, मोजकी माणसे असलेले घर असले तर ती थोडी सैल होते. आमच्या गावात एक निवृत्त सुभेदार आहेत, त्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे, आणि त्यांच्या शेजारी झोपायला मला काडीचेही भय वाटणार नाही. पण त्यांची तीस वर्षे त्या वस्तूच्या संगतीत गेली आहेत. आत्याची गेली ती छत्रीच्या.

“एकदा मी करतो,” आतेभाऊ म्हणाला. या वेळी डबा मी वाजवला. तो जवान माणूस; दोन मिनिटांच्या आत छत्री घेऊन पडवीच्या दाराआड दबा धरून उभा राहिला. मी ओटीवर येऊन वेळ पाहतो आहे, तोच आतून त्याची आरोळी ऐकली, “थांब! जागचा हलू नकोस!” ही काही तालमीतली आरोळी नव्हती. मी धावलो. मागचे दार अर्धे उघडे होते. दारात एक आकृती होती आणि तिच्या हातात कोयता होता. आरोळी ऐकूनही ती थांबली नाही. उलट दोन पावले आत आली.

“आजी, काय झालं गो?”

पऱ्यापलीकडचा मुलगा तो. एकोणीस वर्षांचा. सकाळी दूध काढायला येतो. तीनदा डबा वाजलेला त्याने ऐकला, घरात दिवा नाही आणि माणसांची चाहूल तर लागते, म्हणून कोयता उचलून अनवाणी पऱ्या ओलांडून आला. हाक का मारली नाहीस, असे विचारले तर म्हणाला, हाक मारली असती तर चोर सावध झाला असता. आणि आतेभावाने थांब म्हटल्यावर का थांबला नाहीस? तर तो आवाज त्याला ओळखीचा वाटला. मुंबईचा दादा आलेला त्याला ठाऊक होता.

आतेभाऊ छत्री धरून खालीच बसला.

कायदा मला नुकताच पाठ झाला होता. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कुणी घर फोडून आत शिरला तर मालमत्तेच्या रक्षणासाठी त्याचा प्राण घेण्यापर्यंत अधिकार जाऊ शकतो. मात्र बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करू नये, अशी अटही तीच संहिता घालते. आता त्या रात्रीचा हिशेब पाहा. वेळ मध्यरात्रीची. दार मागचे. हातात कोयता. थांब म्हटले तरी पाऊल पुढे. आतेभावाच्या हातात छत्रीऐवजी दुनळी असती, तर कोर्टाने कदाचित त्याला निर्दोष सोडलेही असते. आणि पऱ्यापलीकडच्या घरात एकोणीस वर्षांचे पोर परत गेले नसते.

असे दूर अमेरिकेत खरोखरच घडून गेले आहे. १९९२ सालच्या ऑक्टोबरमध्ये, लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज गावात, योशिहिरो हात्तोरी नावाचा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी मित्राबरोबर हॅलोवीनच्या मेजवानीला निघाला होता. त्या सणाला तिकडे सोंगे घेऊन जातात. पत्ता चुकला आणि दोघे भलत्याच घरी गेले. घरातली बाई घाबरली. मालक मोठे रिव्हॉल्व्हर घेऊन बाहेर आला आणि ‘फ्रीझ’ म्हणून ओरडला. थिजून उभा राहा, असा त्याचा अर्थ. परक्या मुलाला ती बोली कुठून कळावी? तो पुढे आला. एकच गोळी सुटली. पुढल्या वर्षी मे महिन्यात पंचांनी मालकाला निर्दोष ठरवले. त्यानंतर दिवाणी कोर्टाने मात्र त्याला नुकसानभरपाई द्यायला लावली. मुलाच्या आईवडिलांनी घरोघरच्या बंदुका कमी व्हाव्यात म्हणून जपानात लाखो सह्या गोळा केल्या आणि त्या अमेरिकेच्या अध्यक्षांपर्यंत नेल्या. मी भाषा शिकवणारा माणूस आहे. एका शब्दाचा अर्थ न कळल्याबद्दल आम्ही मास्तर अर्धा गुण कापतो. तिथे त्याची किंमत काय पडली, हे आठवले की खडू हातात घेताना बोटे जड होतात.

त्या रात्री कुणी झोपले नाही. आत्याने चहा टाकला. पऱ्यापलीकडच्या पोराने कोयता दाराशी उभा करून तीन कप चहा घेतला आणि साऱ्या प्रकाराला तो एकटाच मनापासून हसला. पहाटे तो गोठ्याकडे गेल्यावर आत्या आतेभावाला म्हणाली,

“अरे, रात्री दार वाजलं की मी आधी ‘कोण रे?’ म्हणते. माझ्या सासूबाईही तसंच म्हणायच्या. तू ही वस्तू घरात आणलीस, तर मला आधी ‘थांब’ म्हणायला शिकावं लागेल. आणि थांब म्हटल्यावर जो थांबणार नाही, तो बहिरा आहे, की मुका आहे, की आपलाच आहे, हे मी कधी विचारायचं?”

आतेभावाने नेहमीप्रमाणे वाद घातला. उद्या खरोखरच कुणी आला आणि ‘कोण रे?’ला त्याने उत्तर दिले नाही तर? पाटल्यांसाठी नुसते हात बांधून न थांबणारा निघाला तर? आत्यापाशी त्याचे उत्तर नव्हते. माझ्यापाशीही नव्हते, आणि आजही नाही. बंदूक न घेण्यातही एक धोका पत्करलेला असतो. तो आत्याने डोळे उघडे ठेवून पत्करला, एवढेच मी म्हणेन. पाटल्या तिने बँकेत ठेवल्या. “हात मोकळे असले की बांधायला तरी कशाला कोण येईल?” म्हणाली.

मग बाकीची खरेदी झाली. पडवीच्या दाराचा आडसर वाळवीने खाल्ला होता. तो फणसाच्या लाकडाचा नवा बसवला. परसात आणि ओटीवर मोठे दिवे लावून त्यांची बटणे आत्याच्या उशाशी आणली. उशापासून पऱ्यापलीकडच्या घरापर्यंत तार ओढून तिथे एक विजेची घंटा टांगली. वीज गेली तरी वाजावी म्हणून तिला बॅटरीही जोडली. त्या घरातल्या माउलीने घंटेला पहिल्या दिवशी हळदकुंकू वाहिले. एक काळे कुत्रे आणले. ते चोरावर भुंकेल की नाही कोण जाणे, मास्तरांवर मात्र अजून भुंकते. सारा खर्च दुनळीच्या किमतीच्या पासंगालाही पुरला नसता.

परवान्याचा अर्ज आतेभावाने तरी भरून ठेवलाच आहे. फक्त सही राहिली आहे, ती आत्याची हवी. अर्ज देवघरातल्या पेटीत आहे. दर खेपेला तो आठवण करतो, आणि दर खेपेला तिचा चष्मा सापडत नाही.

पावसाळी रात्री इथे घाटावर माझीच झोप कधी कधी मोडते. खालची वाडी आठवते, ती साबण लावून काढलेली पाटली आठवते, आणि वाटते, आपण तिला नीट सल्ला दिला ना? मग वेळ न पाहता मी फोन लावतो. हल्लीच्या फोनवर कुणाचा आहे ते नाव दिसते. पण आत्या नाव वाचत बसत नाही. चार-पाच घंटा होतात. माझ्या छातीत तेवढा वेळ धडधडते. आणि मग पलीकडून तो झोपेतला, जरासा त्रासिक, पण दार उघडायच्या तयारीतला आवाज येतो,

“कोण रे?”